विद्यार्थ्यांच्या इंग्लिशसाठी लँग्वेजटूल: काय पकडतं, काय सुटतं आणि मुलांच्या हातात कसं द्यायचं

मुलांचं इंग्लिश लिखाण तपासणाऱ्या कुणालाही हे माहितीये की त्याच त्याच दहा-बारा चुका वर्षानुवर्षं समोर येतात, मुलं बदलतात, विषय बदलतात, पण 'डिड नॉट वेंट' आणि 'वन ऑफ माय फ्रेंड' जागचं हलत नाही. म्हणून ग्रामर चेकर म्हटलं की सगळ्यांना वाटतं, चला, आता हे काम मशीन करेल. मी लँग्वेजटूल हा असाच एक चेकर बरेच दिवस वापरतेय, स्वतःच्या लिखाणापेक्षा मुलांच्या लिखाणासाठीच जास्त, त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच नजरेने लिहिलाय. ऑफिसचे मेल चकाचक करायला कसंय, ब्लॉग लिहिणाऱ्यांना कसंय, ते इथे मिळणार नाही. माझा प्रश्न एवढाच की शिकणाऱ्या मुलाच्या हातात हे दिलं तर नुसता तो एक निबंध सुधारतो की त्याचं इंग्लिश पण सुधारतं.

आधी थोडं हे काय आहे ते. 2003 मधे डॅनियल नाबर यांनी डिप्लोमाच्या प्रबंधासाठी हे लिहिलं, पहिली आवृत्ती पायथन ह्या प्रोग्रामिंग भाषेत होती, नंतर ते जावा ह्या दुसऱ्या भाषेत आणलं. मूळ इंजिन ओपन सोर्स आहे. 2023 मधे लर्नियो कंपनीने ते घेतलं पण इंजिनचा कोड आजही कुणालाही उघडून बघता येतो. ब्राउझरमधे एक्स्टेंशन टाकून चालतं, वर्ड, गूगल डॉक्स आणि लिबरऑफिसमधेही चालतं. फुकट आवृत्ती आहे आणि पैसे भरून जास्तीच्या सोयी मिळणारी पण आहे, खाली जे लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं फुकटवाल्यालाच धरून आहे कारण विद्यार्थी तेच वापरणार.

एक गोष्ट जी फार कमी लोक बघतात आणि मला ती महत्त्वाची वाटते: हे आपल्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर किंवा संस्थेच्या सर्व्हरवर बसवता येतं, म्हणजे मुलांनी लिहिलेला मजकूर बाहेर कुठे जात नाही. मुलं निबंधात घरच्या गोष्टी लिहितात, आजारपण लिहितात, कोण कुणाशी भांडलं ते लिहितात. ते सगळं कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर पाठवायचं की नाही हे निदान ठरवता तरी येतं. बसवायला थोडी तांत्रिक जाण लागते, पण कॉम्प्युटर लॅब सांभाळणारं माणूस असेल तर अशक्य काही नाही.

आता कामाचं. हे चालतं कसं ते कळलं की काय पकडेल आणि काय नाही हे आपोआप कळतं, म्हणून ते थोडं सांगते. वाक्याचे शब्द सुटे होतात, प्रत्येक शब्दाला नाम, क्रियापद, अमुक काळ, एकवचन असं लेबल लागतं, आणि मग हजारो नियम त्या लेबलांच्या रांगेवर फिरवले जातात. 'डिड नॉट'च्या पाठीमागे क्रियापदाचं भूतकाळी रूप दिसलं की नियम वाजतो. 'ही', 'शी' च्या मागे 'एस' न लावलेलं क्रियापद आलं की वाजतो. 'कॅन टू गो', 'मोर बेटर', एकच शब्द चुकून दोनदा टाइप झालेला, असल्या गोष्टी तो न थकता पकडतो, आणि रात्री अकरा वाजता चाळिसावा पेपर तपासणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून नेमक्या ह्याच निसटतात.

आणि मला हे टूल आवडण्याचं खरं कारण म्हणजे चूक दाखवताना सोबत कारण येतं. नुसती लाल रेघ नाही, नुसता बरोबर शब्द नाही, खाली एक-दोन वाक्यांत लिहिलेलं असतं की इथे मूळ क्रियापद पाहिजे, किंवा हे नाम मोजता येत नाही त्यामुळे अनेकवचन होत नाही. मुलाने ते एक वाक्य वाचलं तर अर्धं काम झालं. वाचतो का हा पुढचा प्रश्न, त्यावर येतेच.

'अ' आणि 'ॲन' चं उदाहरण घ्या. मुलांना शाळेत पाठ करून घेतात की ए, इ, आय, ओ, यू आलं की 'ॲन', आणि मग मूल अगदी मनापासून 'ॲन युनिव्हर्सिटी' लिहितं आणि 'अ अवर' लिहितं. त्याने नियम पाळलेला असतो, नियमच अर्धवट शिकवलेला असतो. खरा नियम उच्चाराचा आहे. युनिव्हर्सिटी 'य' ने सुरू होते म्हणून 'अ', अवर मधला एच बोलतच नाहीत म्हणून 'ॲन', एमबीए म्हणताना सुरुवात 'ए' ने होते म्हणून 'ॲन एमबीए', आणि युरोपियन इ ने लिहितात तरी 'अ युरोपियन'. लँग्वेजटूलकडे अशा शब्दांच्या वेगळ्या याद्याच ठेवलेल्या आहेत आणि ही चूक ते फार चांगली पकडतं. दोन-चार वेळा असं दाखवलं गेलं की मुलं स्वतःच शब्द मोठ्याने म्हणून बघायला लागतात, आणि ते बघायला खरंच छान वाटतं.

मोजता न येणाऱ्या नामांचंही तसंच. इन्फर्मेशन्स, फर्निचर्स, इक्विपमेंट्स, होमवर्क्स, ॲडव्हायसेस. इथे मुलाचा काही दोष नसतो, त्याच्या डोक्यात माहिती चार ठिकाणची आहे तर ती अनेकवचनी का नसावी? प्रत्येक भाषेने कुठली नामं मोजायची हे आपापलं ठरवलंय, ते लॉजिकने कळत नाही, वारंवार दिसूनच अंगवळणी पडतं. आणि मशीन वारंवार दाखवायला कधी कंटाळत नाही. 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक' सारख्या जास्तीच्या शब्दांनाही हेच लागू.

सारख्या उच्चाराचे शब्द हा आणखी एक मोठा गठ्ठा. तिथे ह्या अर्थाचं देअर, त्यांचं ह्या अर्थाचं देअर आणि 'दे आर' जोडून केलेलं देअर, ॲपोस्ट्रॉफीवालं इट्स आणि बिनॲपोस्ट्रॉफीचं इट्स, देन आणि दॅन, लूज आणि लूझ. स्पेलचेकरला ह्यात काहीच चूक दिसत नाही कारण प्रत्येक शब्द डिक्शनरीत आहे. लँग्वेजटूल इथे आजूबाजूचे शब्द बघतं. स्वतःचा सर्व्हर बसवलात तर एन-ग्रॅमचा डेटा वेगळा उतरवून जोडता येतो, म्हणजे कुठले शब्द एकमेकांशेजारी किती वेळा येतात त्याची प्रचंड मोठी नोंद, ती कित्येक गिगाबाइटची आहे, आणि ती जोडली की असले गोंधळ पकडणं सुधारतं. डिस्कवर जागा असेल तर जरूर जोडा.

इथपर्यंत कौतुक झालं आणि ते मनापासून आहे. आता हा उतारा बघा, मुलं जसं लिहितात तसाच बनवलाय.

'माय ग्रँडमदर लिव्ह विथ अस. शी टेल्स मी मेनी स्टोरीज व्हेन आय वॉज स्मॉल. द स्टोरीज वेअर अबाउट ॲनिमल्स, आय लाइक्ड इट व्हेरी मच. वन डे शी टोल्ड माय मदर दॅट शी वॉज टायर्ड. आफ्टर हिअरिंग धिस, द स्टोरीज स्टॉप्ड.'

पहिल्या वाक्यात 'लिव्ह' ला 'एस' नाही, ही चेकरच्या घरचीच चूक, लगेच सापडायला हवी. दुसऱ्या वाक्यात 'टेल्स' आणि 'वॉज', दोन्ही क्रियापदं आपापल्या कर्त्याबरोबर अगदी बरोबर आहेत, चूक आहे ती दोघांच्या नात्यात. मूल लहान होतं तेव्हाची गोष्ट आहे तर 'टोल्ड' पाहिजे. नियमांवर चालणाऱ्या चेकरसाठी हे अवघड कारण 'टेल्स' कधी चूक आणि कधी बरोबर हे गोष्ट कुठल्या काळातली चाललीये त्यावर ठरतं. तिसऱ्या वाक्यात दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवलीयेत, आणि वर स्टोरीज अनेकवचनी असताना पुढे 'इट' आलंय. चौथ्यात व्याकरणाची एकही चूक नाही पण दमलं कोण, आजी की आई, ते कळत नाही. आणि शेवटच्या वाक्यात लिहिल्याप्रमाणे अर्थ लावला तर ते ऐकलं गोष्टींनी, कारण 'आफ्टर हिअरिंग' चा कर्ता पुढच्या वाक्याचा कर्ताच असतो.

म्हणजे पाच वाक्यांत ज्या गोष्टींनी वाचणाऱ्याला खरंच अडखळायला होतं त्यातल्या बहुतेक वाक्याच्या पलीकडच्या किंवा अर्थातल्या आहेत. हा काही एका टूलचा दोष नाही, ह्या पद्धतीच्या चेकरची ती हद्द आहे. मला त्याबद्दल तक्रार नाही, पण मुलाला आणि विशेषतः पालकांना हे माहीत असायलाच पाहिजे, कारण हिरवी खूण दिसली की घरचे म्हणतात झालं, सगळं बरोबर आहे, आणि मग शिक्षक लाल पेन घेऊन बसले की त्यांना वाटतं शिक्षकच चुकतायत.

आर्टिकलचं पण असंच, आणि हा खरा कठीण भाग. 'अ' की 'ॲन' हे मशीनला कळतं, पण 'अ' की 'द' हे बऱ्याच वेळा कळत नाही, कारण 'आय सॉ अ डॉग' आणि 'आय सॉ द डॉग' दोन्ही बरोबर इंग्लिश आहे. कुत्र्याचा उल्लेख आधी येऊन गेलाय का, वाचणाऱ्याला तो कुठला कुत्रा ते ठाऊक आहे का, यावर ते ठरतं. ज्यांच्या मातृभाषेत आर्टिकल हा प्रकारच नाही, मराठी, हिंदी, रशियन, चिनी, त्या सगळ्यांना हे सगळ्यात शेवटी जमतं आणि कितीतरी जणांना पूर्ण कधीच जमत नाही. इथे चेकर गप्प बसला म्हणून बरोबर आहे असं धरू नका. मी मुलांना एकच करायला सांगते, प्रत्येक नामाशी थांबून विचारा की वाचणाऱ्याला हे 'कुठलं' ते आधीपासून माहितीये का. हळू होतं पण होतं.

आता एक अभ्यास सांगते, ज्यामुळे माझं ह्या सगळ्याबद्दलचं मत पक्कं झालं. अमेरिकेत रॉबर्ट कॉनर्स आणि अँड्रिया लन्सफर्ड यांनी कॉलेजच्या मुलांचे 3000 पेपर घेऊन चुकांची मोजणी केली, 1988 मधे ते छापून आलं. शंभर शब्दांमागे 2.26 चुका निघाल्या. त्यांनी जुने अभ्यास पण त्याच मापात बसवून बघितले, 1917 चा आकडा निघाला 2.11. मग वीस वर्षांनी, 2008 मधे, अँड्रिया आणि कॅरन लन्सफर्ड यांनी 877 पेपरांवर तेच परत केलं, तोवर सगळ्यांच्या हातात कॉम्प्युटर आलेला, स्पेलचेकर आलेला, वर्डमधे 97 च्या आवृत्तीपासून व्याकरणाची हिरवी नागमोडी रेघ आलेली. आकडा आला 2.45. जवळजवळ शंभर वर्षांत प्रमाण जागच्या जागी! मुलांचं इंग्लिश बिघडलं बिघडलं म्हणणाऱ्यांनी हे बघावं, आणि मशीन आलं की चुका संपतील म्हणणाऱ्यांनी पण बघावं.

बदललं काय, तर चुकांची जात बदलली. 1988 मधे स्पेलिंगच्या चुका इतक्या प्रचंड होत्या की त्या बाकीच्या यादीतून बाजूला काढून वेगळ्या अभ्यासाव्या लागल्या. 2008 मधे स्पेलिंग खाली गेलं आणि पहिल्या नंबरवर आला चुकीचा शब्द. हे कसं होतं ते रोज दिसतं: मूल 'डेफिनेटली' चं स्पेलिंग चुकवतं, सुचवलेल्या शब्दांत 'डिफायंटली' दिसतो, क्लिक, रेघ गेली, आणि 'मी नक्की येईन' चं 'मी उद्धटपणे येईन' झालं. चूक सुटली नाही, लपली. आणि लपलेली चूक शोधणं उघड्या चुकीपेक्षा अवघड. त्याच अभ्यासात हेही दिसलं की पेपरांची सरासरी लांबी 422 शब्दांवरून 1038 वर गेली होती, मुलं आधीपेक्षा कितीतरी जास्त आणि कठीण प्रकारचं लिहीत होती, त्यामुळे प्रमाण फारसं वाढलं नाही याचंच मला कौतुक वाटतं.

तर मग क्लिकचा प्रश्न. लँग्वेजटूलमधे चुकीवर टेकलं की बरोबर शब्द समोर येतो आणि एका क्लिकमधे बदलतो. कामाच्या माणसाला ही सोय आहे. शिकणाऱ्याला हाच धोका आहे. दुसरी भाषा शिकवणाऱ्यांमधे चुका दुरुस्त करून द्याव्यात का यावर मोठा वाद झालेला आहे, जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मधे सरळ मांडलं की लिखाणातलं व्याकरण दुरुस्त करून देण्याचा उपयोग होत नाही, ते बंद करा, आणि डेना फेरिस यांनी 1999 मधे त्याला उत्तर देताना सांगितलं की इतक्यात हात वर करू नका, दुरुस्ती कशी देतो त्यावर बरंच अवलंबून आहे. मी फेरिस यांच्या बाजूची आहे. बरोबर उत्तर आयतं हातात ठेवलं तर मूल ते उतरवतं आणि विसरतं. चूक कुठे आहे एवढंच दाखवून थांबलं तर त्याला डोकं चालवावं लागतं.

म्हणून मी वापर असा करून घेते. आधी पूर्ण लिहून होऊ द्यायचं, तोपर्यंत चेकर बंद. मधेच रेघा दिसायला लागल्या की मूल विचार सोडून रेघेच्या मागे लागतं आणि वाक्यं आखूड, घाबरट होत जातात. लिहून झाल्यावर चालू करायचं, रेघ दिसली की मेसेज वाचायचा आणि सुचवलेल्या शब्दावर क्लिक न करता वाक्य स्वतः टाइप करून दुरुस्त करायचं. वेळ लागतो, मुलं कुरकुर करतात, पण फरक पडतो तो इथेच पडतो. सोबत वहीत आपल्या आपल्या चुकांची नोंद. बहुतेकांच्या चुकांची यादी लांबलचक नसते, तीन-चार चुकाच असतात आणि त्याच परत परत होतात, कुणाचं 'सिन्स टू इयर्स', कुणाचं 'ऑलदो' च्या पुढे 'बट', कुणाचं 'आय ॲम हॅविंग अ ब्रदर'. आपली तीन-चार कुठली हे एकदा कळलं की पुढच्या वेळी मूल चेकर लावायच्या आधी तेवढ्यासाठीच एकदा वाचतं.

सेटिंगमधे एक-एक नियम बंद करता येतो, हे फार लोक वापरतच नाहीत आणि शिकवणाऱ्यासाठी हीच सोय सोन्यासारखी आहे. एका आठवड्यात फक्त कर्ता-क्रियापद बघायचं तर विरामचिन्हांचे आणि शैलीचे नियम बंद ठेवा. पानभर रंगीबेरंगी रेघा बघून जे मूल खचतं त्याला सहा रेघा झेपतात. पिकी मोड म्हणून आणखी कडक तपासणी आहे ती शिकणाऱ्यांसाठी बंदच बरी, त्यात लांब वाक्य, कर्मणी प्रयोग असल्या गोष्टींवर पण बोट ठेवलं जातं. आणि कर्मणी प्रयोग ही चूक नाहीये! विज्ञानाच्या रिपोर्टमधे 'द सोल्यूशन वॉज हीटेड' हेच लिहायची पद्धत आहे, तिथे कुणी तापवलं याला महत्त्व नाही. शैलीचा सल्ला आणि व्याकरणाची चूक यांचे रंग वेगळे असतात, मुलांना ते पहिल्याच दिवशी दाखवून द्या नाहीतर ती सगळंच चूक समजून बदलत बसतात.

वाक्य नव्याने लिहून देण्याची सोय पण यात आहे आणि हल्ली चॅटबॉट तर अख्खा निबंध धुऊन देतात. तपासायला आलेल्या अशा निबंधात व्याकरण निर्दोष असतं आणि मूल कुठेच दिसत नाही. आजी कशी बोलायची, गोष्टीतला कोल्हा काय म्हणायचा, ते सगळं जाऊन गुळगुळीत वाक्यं उरतात. मला 'शी टेल्स मी व्हेन आय वॉज स्मॉल' वालं वाक्य कधीही चालेल, त्यातली चूक दोन मिनिटांत समजावता येते. शिकण्याच्या काळात ही पुनर्लेखनाची सोय वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी घ्यावं? साधी वाक्यं स्वतःची स्वतः लिहिता येतात आणि इंग्लिशमधला छोटा मेसेज वाचून कळतो अशा कुणीही, शाळेतला असो, कॉलेजातला असो की नोकरी करता करता शिकणारा. अगदी सुरुवातीच्या मुलांना नको, त्यांना मेसेजच कळत नाही आणि मग ती फक्त क्लिक करत सुटतात. शिक्षकांनी स्वतः तपासायच्या आधी मुलांना एक फेरी यातून करून आणायला सांगावं, 'एस' आणि 'अ-ॲन' वर जाणारा वेळ वाचतो आणि तो आजी दमली की आई ह्या प्रश्नासाठी वापरता येतो. फुकट आवृत्ती त्यासाठी पुरते, पैसेवाली घ्यायची गरज मला विद्यार्थ्यांसाठी वाटलेली नाही.

बसवल्यावर लगेच करायचं एक काम: इंग्लिशचा प्रकार निवडा. ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन असे वेगवेगळे आहेत, आणि चुकीचा निवडला गेला तर 'कलर' मधल्या यू वरून मुलाला उगाच रेघ दिसत राहते. शाळा किंवा परीक्षा जे मानते तेच ठेवा. आणि माणसांची, गावांची नावं वैयक्तिक डिक्शनरीत टाकून द्या, स्वतःच्याच नावाखाली लाल रेघ बघायला कुठल्याच मुलाला आवडत नाही.